अडीचशे टी-शर्ट आणि एक कोषाध्यक्ष

पत्र :

काका, नमस्कार. आमच्या दहावीच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी शाळेच्याच मैदानावर मेळावा ठेवला आहे. ग्रुपवर २६० जण आहेत, त्यातल्या १८० जणांनी ‘येतो’ म्हणून अंगठा दाखवला आहे. टी-शर्ट हवेत यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण पुढे तीन तोंडं तीन दिशांना आहेत. एक मित्र म्हणतो, अडीचशे आत्ताच छापून घेऊ, माझ्या साळ्याचाच छपाईचा धंदा आहे. बंगळुरूची मैत्रीण म्हणते, मैदानावरच मशीन लावू, ज्याला जे हवं ते नाव टाकून हातात देऊ, तिच्या कंपनीत तसं झालं होतं. तिसरा म्हणतो, एक लिंक टाका, ज्याला हवा तो घरी मागवेल. त्यात आमचे पीटीचे सर दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांचा फोटो छातीवर हवा असा काहींचा आग्रह आहे. मी काही विचारलं की “कायले टेन्शन घेऊन राहिली?” एवढंच उत्तर मिळतं. मी कोषाध्यक्ष आहे. पैसे कमी पडले तर बोंब माझ्याच नावाने होणार. काय करू?

– एक कोषाध्यक्ष, मनीषनगर, नागपूर

उत्तर :

ताई, टेन्शन घेऊन राहिल्या ते बरोबरच करून राहिल्या. मी इतवारीतल्या एका बोळात बरीच वर्षं छपाईची स्क्रीन, म्हणजे शाईची जाळी, ओढली आहे. त्या काळात कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन “परत घेता का?” म्हणत येणारे जे चेहरे पाहिले, ते बहुतेक कोषाध्यक्षांचेच होते. छापलेला टी-शर्ट कोणी परत घेत नाही. मीही घेतला नाही.

तुमच्याकडे भांडण चाललंय ते छपाई कुठे करायची यावर. त्याआधीचा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही : उरलेला माल कोणाचा? साळ्याकडून अडीचशे घेतले तर उरलेला माल तुमचा. मैदानावर मशीन लावलं तर माल उरत नाही, पण रांग उरते. लिंक टाकली तर दोन्ही उरत नाही, मात्र मेळाव्याच्या दिवशी हातात काहीच नसतं. या तिन्हींतलं कोणतं ओझं तुम्हाला झेपतं ते आधी बघा.

अडीचशेचा हिशेब करू. आकडे माझे, समजुतीपुरते. तुमचे खरे भाव घालून पुन्हा मांडा. टी-शर्ट छापून २६० रुपयांना पडला आणि तुम्ही ३५० ला दिला. अडीचशेचे झाले ६५,०००. अंगठेवाले १८० च्या १८० आले आणि प्रत्येकाने एकेक घेतला, तर जमा ६३,०००. म्हणजे नगामागे ९० रुपये ठेवूनही, अंगठे दाखवलेला एकूण एक माणूस येऊनही, दोन हजारांचा खड्डा आणि घरात सत्तर टी-शर्ट. आणि उरलेल्या सत्तरात तुम्हाला हवे ते साइज कधीच नसतात. उरतात ते एकदम लहान आणि एकदम मोठे. आमच्या घरी एका जुन्या कार्यक्रमाचे असे टी-शर्ट गाडी पुसायला किती वर्षं पुरले, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते.

म्हणून पहिलं काम : अंगठा ही ऑर्डर धरू नका. पैसे जमा झाले तर ऑर्डर. एक फॉर्म काढा, त्यात नाव, फोन, साइज आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. तारीख दिवाळीच्या आधीची ठेवा. मित्र नाराज होतील, पण साडेतीनशे रुपये आधी मागितले म्हणून पंचवीस वर्षांची मैत्री तुटत असेल तर ती टी-शर्टाने जोडलीही जाणार नव्हती. जितके पैसे आले तितकेच छापा, वर सात-आठ नग घ्या, तेही एल आणि एक्सएलमध्येच.

आता साइज. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि मशीनवर तासभर वाद घालणारे लोक साइजवर दोन मिनिटंही देत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ‘तुझा साइज काय’ विचारलं तर तो कॉलेजातला सांगतो. शिवाय एका कंपनीचा एल आणि दुसऱ्या कंपनीचा एल यांत दोन-दोन इंचांचा फरक पडतो. बनियनच्या कापडाचा माल बहुतेक तिरुपूरहून येतो, तिथेही प्रत्येक कारखान्याचा कट वेगळा. तेव्हा फॉर्ममध्ये अक्षर विचारूच नका, इंच विचारा : ‘घरातला नीट बसणारा टी-शर्ट गादीवर पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा.’ तो आकडा दुप्पट केला की छातीचा घेर. मग छपाईवाल्याच्या चार्टवरून साइज तुम्ही ठरवा. बायकांसाठी वेगळा कट आहे का ते आधीच विचारा, नाहीतर अर्ध्या मैत्रिणी दिवसभर खांदे वर ओढत फिरतील.

आणखी एक गोष्ट बंगळुरूच्या मैत्रिणीला आठवणार नाही. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी पारा दहा-बाराच्या आसपास असतो. नऊ वाजता मैदानावर येणारा माणूस स्वेटर घालून येणार आणि तुमचा टी-शर्ट तो शर्टावर, कधी स्वेटरवरच चढवणार. म्हणून मोजलेल्या घेरावर दोन इंच वाढवूनच ऑर्डर द्या.

आता मैदानावरच्या मशीनकडे. कल्पना वाईट नाही. बघायला मजा येते, लोक जमतात, रील निघतात. पण तिच्या कंपनीत लोक दिवसभर अधूनमधून येत असतील, तुमच्याकडे सगळे एकदम येणार. अशा स्टॉलवर बहुधा डीटीएफ असतं. चित्र आधी एका पारदर्शक फिल्मवर छापतात, मागे चिकट पावडर वितळवलेली असते आणि ती फिल्म हीट प्रेसखाली कापडावर उतरवतात. दाब दहा-पंधरा सेकंदांचा, तापमान दीडशे-एकशेसाठ अंश. ऐकायला झटपट वाटतं. पण टी-शर्ट पसरायचा, ओल जावी म्हणून एकदा रिकामा दाबायचा, फिल्म मधोमध लावायची, दाबायची, थंड होऊ द्यायची, सोलायची, बटर पेपर ठेवून पुन्हा दाबायचं, आणि तेवढ्यात समोरचा म्हणणार, “जरा वर घे ना.” धरा दोन मिनिटं. १८० जणांना एका प्रेसवर सहा तास. तुमचा ग्रुप फोटो साडेदहाला असेल आणि लोक नऊपासून यायला लागले, तर फोटोपर्यंत होतील पंचेचाळीस. बाकीचे १३५ जण फोटोत आपापल्या स्वेटरात, आणि तो फोटो पुढची पंचवीस वर्षं ग्रुपवर फिरणार.

बरं, टी-शर्ट सकाळीच वाटून दुपारी नुसतं नाव छापायचं म्हटलं, तर ते पाठीवर. ज्याने सकाळी टी-शर्ट घातला, तो दुपारी अंगातून काढून प्रेसवाल्याला कसा देणार? शाळेच्या मैदानावर, पूर्ण बॅचसमोर? हे अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

तिसरी अडचण विजेची. एक प्रेस दीड ते दोन हजार वॅट ओढतं. भिंतीवरचा साधा सहा अँपियरचा पॉइंट फार तर तेराशे-चौदाशे वॅट देतो. त्यावर प्रेस लावलं तर पॉइंट तरी जळेल, नाहीतर एमसीबी पडेल आणि मुख्याध्यापकांच्या भाषणात माइक बंद होईल. शाळेचं वायरिंग पंचवीस वर्षांपूर्वी कसं होतं ते तुम्हीच आठवून बघा. प्रेसला सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट हवा, किंवा मंडपवाल्याच्या जनरेटरवर वेगळी लाइन, आणि ती कॉफी मशीनबरोबर वाटून घ्यायची नाही.

मी दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर बरेचदा उभा राहून स्टॉल बघतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे दीक्षा घेतली तिथे लाखो माणसं येतात. पुस्तकं, फोटो, दिनदर्शिका आणि निळे-पांढरे टी-शर्ट असा तो बाजार. तिथला एक टी-शर्टवाला मला म्हणाला होता, “साहेब, गर्दी थांबत नाही, मीच तयार पाहिजे.” त्याच्याकडे साइजप्रमाणे घड्या लावलेल्या, वरचा एक उघडा टांगलेला, पैसे एका हाताने, माल दुसऱ्या हाताने. आणि त्याच्या मालावर ‘जय भीम’ होतं, अशोकचक्र होतं, पण साल नव्हतं. उरलेला माल पुढच्या वर्षी तसाच उघडता यावा म्हणून. इतवारीतल्या माझ्या सगळ्या वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

तर माझा सल्ला असा : टी-शर्ट आधीच छापा, सगळे एकसारखे, नाव न टाकता. नाव टाकलं की तो टी-शर्ट एकाच माणसाचा होतो. एकसारखे असले तर ज्याला घट्ट झाला तो ढगळ झालेल्याशी तिथल्या तिथे बदलून घेतो, तुमच्यापर्यंत तक्रार येतच नाही. आणि मैदानावर जे छापायचं ते पिशवीवर छापा. जाड कॅनव्हासची साधी पिशवी. तिला साइज नाही, ती अंगातून काढावी लागत नाही, नवऱ्याबायकोला किंवा मुलांना घेऊन येणाऱ्यांनाही ती देता येते. एका बाजूला शाळेचं चिन्ह आधीच छापलेलं, दुसरी बाजू कोरी. तिथे शाळेतलं टोपणनाव.

टोपणनावंही तिथे बसून टाइप करायची नाहीत. फॉर्ममध्येच विचारा, सगळी नावं एका फिल्मवर आठवडाभर आधी छापून, कापून, हजेरीपटाप्रमाणे पाकिटात लावून ठेवा. मैदानावर फक्त चिकटवायचं काम. ज्यांनी फॉर्म भरला नाही त्यांच्यासाठी तयार पदव्या ठेवा : ‘शेवटचा बाक’, ‘वर्गाबाहेर उभा’, ‘मॉनिटर’, ‘डबा चोर’. लोक याच जास्त मागतील, बघा. फोटो झाल्यावर अकराला सुरू करा आणि चारला बंद करा. शंभर पिशव्यांना एक प्रेस सहज पुरतं. टेबल भिंतीला पाठ लावून ठेवा, समोर बाक आडवा टाका. तापलेल्या लोखंडाजवळ बॅचची पोरं धावणार, आणि ती तुमच्यापेक्षा द्वाड निघाली तर नवल नाही. पिशवी निवडताना एवढं बघा, की जिथे छापायचं तिथे खिसा, चेन किंवा जाड शिवण नको. दाब सगळीकडे सारखा बसला नाही की कोपरा पहिल्याच धुण्यात उचलतो.

पिशव्यांवर साल टाकू नका. उरल्या तर शाळेला द्या, २६ जानेवारीच्या बक्षिसांना चालतील. ‘रौप्यमहोत्सव’ आणि साल टी-शर्टावर खुशाल टाका, ते तर पैसे भरूनच छापलेत.

टी-शर्टाच्या छपाईचं थोडक्यात. दीडशेच्या वर एकाच रंगाचं, एकाच चित्राचं काम असेल तर स्क्रीन प्रिंटिंगच घ्या. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. पण एकदा स्क्रीन बनली की नग वाढतील तसा दर उतरतो. डीटीएफला स्क्रीनचा खर्च नाही, म्हणून दहा-वीस नगांना ते परवडतं. मात्र छातीभर डीटीएफ घेतलंत तर तो भाग हवा सोडत नाही. डिसेंबरात चालेल, एप्रिलात तो टी-शर्ट कोणी घालणार नाही. साळेसाहेब “ड्रायफिट घ्या, स्वस्त पडेल” म्हणाले तर सावध राहा, ते पॉलिस्टर असतं. तुमच्या शाळेचा रंग मरून असेल (आपल्याकडे अर्ध्या शाळांचा असतोच), तर मरून पॉलिस्टरवर पांढरी शाई काही दिवसांनी गुलाबी पडू शकते. कापडाचा रंग उष्णतेने शाईत चढतो. आणि सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ करून ती कापडात मुरवायची छपाई) म्हणजे फक्त फिकट पॉलिस्टरवरचं काम, सुती कापडावर ते धरत नाही, गडदावर दिसत नाही. मरून सुती, १८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं कापड), बायोवॉश केलेला (रोवा काढून मऊ केलेला), समोर पांढऱ्या एका रंगात चिन्ह. एवढ्यात काम सुरेख होतं. शाळेचं चिन्ह वापरायची संस्थेकडून लेखी परवानगी तेवढी घेऊन ठेवा.

मराठी अक्षरांचं मात्र तुम्ही स्वतः बघा, हे कोणावर सोडू नका. मोबाइलवर नीट दिसणारा मजकूर छपाईवाल्याच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये उघडला की फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात. वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार हरवतो. माझ्याच हातून एकदा ‘वऱ्हाडी’चं ‘वर्हाडी’ झालं होतं, आणि ते घालून तीस माणसं अमरावतीला लग्नाला गेली. तेव्हापासून माझा नियम : फाइल कर्व्ह करून द्यायची, म्हणजे अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसत्या आकृत्या होतात, मग कुठेही उघडा, तशीच दिसतात. चिन्हाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, त्याचा दर्जा मरतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पूर्ण ऑर्डरीआधी एक नग छापून मागा. तो उलटा करून चार-पाच वेळा धुवा, मग छपाई दोन्ही हातांनी ताणून बघा. शाई नीट पकली नसेल तर तडे जातात.

साळ्याचं काय? साळा असणं हा गुन्हा नाही, आणि ओळखीचा माणूस अडचणीला रात्री बाराला फोन उचलतो हा फायदाच. पण त्याच्याकडून, गांधीबागेतल्या एखाद्याकडून आणि बर्डीवरच्या एखाद्याकडून, तिघांकडून एकाच कागदावर भाव मागा : तेच कापड, तेच जीएसएम, तेवढेच नग, जीएसटीसह. टी-शर्ट अडीच हजार रुपयांच्या आतला असल्याने त्यावर जीएसटी पाच टक्के आहे. छपाई वेगळी लावली असेल तर ती का, ते विचारा. छपाईत चूक त्याची असेल तर नग त्याने बदलून द्यायचा, स्पेलिंग तुमच्या फाइलमध्ये चुकलं असेल तर खर्च तुमचा, हे आधी लिहून घ्या. तुमच्या मित्रालाच सांगा, “भाऊ, तुझ्या साळ्याचा भाव बसला तर मला आनंदच आहे, पण भाव तू नको सांगू, कागद सांगू दे.” पन्नास टक्के आगाऊ, बाकी माल मोजून घेतल्यावर.

लिंकवाल्यालाही नाराज करू नका. अमेरिकेत, दुबईत असलेले, मेळाव्याला न येऊ शकणारे दहा-पंधरा जण असतातच. मेळाव्यानंतर आठवडाभर अशी लिंक उघडी ठेवा. एकेक नग छापून घरपोच देणाऱ्यांकडे नग महाग पडतो, पण तुमच्या घरात काही साठत नाही. कापड थोडं वेगळं येईल, हे आधीच सांगून टाका.

सरांच्या फोटोबद्दल मी जरा हट्टी आहे. छातीवर नको. माणसाचा चेहरा स्क्रीनने नीट उतरवायला हात लागतो आणि चुकला तर तो चेहरा दुसऱ्याच कोणाचा दिसतो. ते एकवेळ सांभाळता येईल. पण टी-शर्ट घामाने भिजतो, धुतला जातो, विटतो आणि एक दिवस फडकं होतो. सरांच्या घरी कोणी असेल तर आधी त्यांना विचारा. माझं मत विचाराल तर सरांची शिट्टी छापा. पीटीच्या सरांची शिट्टी सगळ्यांच्या कानात असते. पिशवीवरच्या चिन्हाखाली छोटीशी, एका रंगात. न सांगता कळेल, आणि ज्याला कळणार नाही तो तुमच्या बॅचचा नाही.

वेळापत्रक असं ठेवा : फॉर्म दिवाळीआधी बंद. दिवाळीत कारागीर गावी जातात, ते परत आल्यावर नमुना, मग ऑर्डर, आणि माल मेळाव्याच्या किमान दहा दिवस आधी हातात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आणि लग्नं एकदम आली की आपल्या गावात टेम्पोही वेळेवर मिळत नाही, त्यामुळे ‘दोन दिवस आधी देतो’ हे मान्य करू नका.

फॉर्म बंद झाल्याच्या रात्री साडेअकराला एकाचा फोन येणारच : “अगं, मी राहून गेलो, दोन एक्सएल टाक ना माझ्या नावाने, पैसे तिथे देतो.” त्याला पिशवी द्या.